जिन्याचा कठडा : गज, खांब आणि मधलं अंतर
(प्रस्तावना)

घराच्या बांधकामात कठड्याची पाळी सगळ्यात शेवटी येते. स्लॅब पडलेले असतात, लाद्या बसलेल्या असतात, रंगाचा पहिला हात झालेला असतो आणि घरमालकाचा पैसा व धीर दोन्ही आटत आलेले असतात. वास्तुशांतीची तारीख ठरलेली असते. अशा वेळी कठड्याचा निर्णय एखाद्या संध्याकाळी मोबाइलवरचे चार फोटो बघून होतो आणि ‘रनिंग फुटाचा भाव काय?’ एवढ्या एका प्रश्नावर काम सोडून दिलं जातं. पुढची कित्येक वर्षं घरातलं लहानथोर प्रत्येक माणूस ज्याला रोज हात लावणार, त्या वस्तूच्या वाट्याला एवढाच विचार येतो. त्या संध्याकाळच्या आधी वाचलं जावं, म्हणून हे पुस्तक लिहिलं आहे.

विषय मुद्दाम लहान ठेवला आहे. जिना कसा बांधावा, पायऱ्या किती असाव्यात, जिना कुठल्या दिशेला असावा, हे इथे नाही. जिना तयार आहे असं धरून त्याच्या उघड्या बाजूला कठडा कसा उभा करायचा, एवढंच इथे आहे. आणि त्यातही भर आहे तो उभ्या गजांवर. गज लाकडाचे असोत, लोखंडाचे असोत की स्टीलचे, खाली पायरीत किंवा पट्टीत आणि वर हँडरेलमध्ये जे उभे दांडे बसतात त्या सगळ्यांना मी या पुस्तकात गजच म्हटलं आहे. जिन्याच्या सुरुवातीला, वळणावर आणि शेवटी येणारे जाड आधार म्हणजे खांब. खांब कठड्याला उभा ठेवतात, हँडरेल हाताला आधार देते आणि गज माणसाला आरपार जाऊ देत नाहीत. तिघांची कामं वेगळी आहेत, आणि कुठलंही एक काम दुसऱ्यावर ढकललं की कठडा बिघडतो.

पुस्तकभर एकच म्हणणं वेगवेगळ्या अंगांनी येत राहील. कठड्याची किंमत गजांच्या लाकडावरून आणि नक्षीवरून केली जाते, पण त्याची पारख करायची ती दोन गजांमधल्या मोकळ्या जागेवरून. ही जागा सगळीकडे सारखी आहे का, लहान मूल तिच्यातून जाईल का, ती आधी आखून ठरवलेली आहे की काम संपताना उरेल तशी उरलेली आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की कठडा कसा झाला आहे ते कळतं. चांगला सुतार बोलताना गजांबद्दल बोलतो, पण त्याची पट्टी मोजत असते ते मधलं अंतर.

कठड्याची परंपरा आपल्या भागात फार जुनी आहे. लोणावळ्याच्या आसपासची भाजे, कार्ले आणि बेडसे इथली लेणी पाहिलेल्यांना आठवत असेल, की चैत्यगृहांच्या दर्शनी भागावर आणि गवाक्षांच्या आसपास कठड्याचे पट्टेच्या पट्टे कोरलेले आहेत. यांतल्या भाजे लेण्याचा काळ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. कातळात कोरलेल्या या कठड्यांना कुणाला थोपवायचं नाही. ते लाकडी बांधकामाची दगडात केलेली नक्कल आहेत. सांचीच्या स्तूपाभोवती हीच रचना पूर्ण आकारात उभी आहे. उभे स्तंभ, त्यांना जोडणाऱ्या आडव्या सूची आणि सगळ्यांच्या माथ्यावरून जाणारं उष्णीष, असे तिचे तीन भाग आहेत. सूचींची टोकं स्तंभांत पाडलेल्या खाचांमध्ये बसवली आहेत. दगडात काम करणाऱ्यांनी सांधा मात्र सुताराचा घेतला, यावरून लाकडी कठड्याचं तंत्र त्या काळी किती मुरलेलं होतं याची कल्पना येते.

स्तूपाभोवतीच्या या कठड्यात, म्हणजे वेदिकेत, मोठं माप आडव्या दांड्यांचं आहे, आणि तिच्या कामाला ते योग्यच होतं. पवित्र जागेची हद्द दाखवणं आणि प्रदक्षिणेचा मार्ग आखणं हे तिचं काम. उंचावरून पडणाऱ्याला अडवणं हे निराळं काम आहे आणि त्याला उभे गज लागतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

पेशवाईतल्या वाड्यांमध्ये जिन्याला कठडा फारसा नव्हता, कारण त्याची गरजच पडत नसे. जिना दोन जाड भिंतींच्या मध्ये असे. अरुंद, उभा, बराचसा अंधारा. दोन्ही हातांना भिंत मिळे, आणि चढ फार उभा असेल तर धरायला वरून दोर सोडलेला असे. लाकडावरची मेहनत जायची ती चौकाकडे आणि रस्त्याकडे उघडणाऱ्या मजल्यांवर. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याचा एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा सागवानी दर्शनी भाग बघितला, की सुतारांच्या त्या पिढ्यांचा हात कसा होता ते दिसतं. जिना भिंतींमधून बाहेर पडून मोकळ्यावर आला तेव्हा कठडाही त्याच्याबरोबर आला.

मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर झालं. गिरगाव, लालबाग, परळ या भागांत चाळी उभ्या राहिल्या. त्यांत लाकडी जिने आले, मजल्यामजल्यावर लांबच लांब गॅलऱ्या आल्या आणि त्यांना गजांच्या रांगा लागल्या. लाकूड समुद्रमार्गे येत होतं. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा मोठा व्यवहार ब्रह्मदेशातल्या सागाचा होता. इकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला साग होताच. बल्लारपूर आणि आलापल्लीच्या डेपोंची नावं आजही लाकूडवाल्यांच्या तोंडी आहेत. त्याच काळात ब्रिटिश आणि पोर्तुगीज घरांच्या वळणाचे, कातावर उतरवलेले गोल गज इथे रुळले. गिरगावातल्या खोताच्या वाडीत बाहेरून चढणारे लाकडी जिने अजून पाहायला मिळतात, आणि गोव्यातल्या जुन्या घरांमध्ये असे गज बघत फिरायचं म्हटलं तर दिवस कमी पडतो. कातकाम करणारे कारागीर आपल्याकडे पूर्वीपासून होते. सावंतवाडीच्या चितार आळीत लाखेच्या रंगांची जी लाकडी खेळणी होतात, त्यांच्यामागे हेच लाकूड फिरवून त्याला आकार देण्याचं कौशल्य आहे.

आता आजच्या घरांकडे येऊ. नाशिक, कोल्हापूर, पुणे, संभाजीनगर, कुठेही नव्या रो-हाउसमध्ये शिरा; बहुतेक ठिकाणी स्टीलचे खांब आणि त्यांच्यामधून जिन्याच्या उताराला धरून जाणारे चार-पाच आडवे पाइप दिसतील. हे काम लवकर होतं, कापाकापी कमी लागते, वेल्डिंगचे सांधे थोडे असतात आणि पुसायला सोपं जातं. मात्र दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या लेखी ती शिडी असते. पाइपवर पाय ठेवून ते वर चढतं आणि पोट हँडरेलच्या वर गेलं की त्याचा तोल पलीकडे जातो. कठड्याची उंची कितीही नियमात बसवली तरी चढता येणारा कठडा मुलासाठी तेवढा उंच राहत नाही. म्हणून घरातल्या जिन्याला उभेच गज असावेत असा या पुस्तकाचा आग्रह आहे. ज्यांच्या घरात आडवे पाइप आधीच लागले आहेत त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण आहे. त्याच खांबांना खाली-वर दोन पट्ट्या जोडून त्यांत उभे गज कसे बसवायचे आणि ते होईपर्यंत आतल्या बाजूने जाड, पारदर्शक पत्रा कसा लावून घ्यायचा, हे तिथे सांगितलं आहे.

अंतर किती ठेवायचं? इंग्लंडच्या बांधकाम नियमांत, जिथे पाच वर्षांखालची मुलं वावरण्याची शक्यता आहे तिथे कठड्यातल्या कुठल्याही फटीतून १०० मिमी व्यासाचा चेंडू जाता कामा नये, असं म्हटलं आहे. अमेरिकेतल्या घरांच्या नियमांत सपाट भागासाठी हेच माप चार इंचांचं आहे. चेंडूची ही कसोटी मुलाच्या शरीरावरून आली आहे. तान्ह्या आणि रांगत्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. पाय फटीत गेले तर कंबर आणि छाती त्यांच्यामागून सरकत जातात, आणि शेवटी मूल डोक्यावर लटकतं. डोकं अडकणं ही यातली सर्वांत भयंकर गोष्ट आहे, म्हणून अंगच आत जाणार नाही एवढी फट लहान ठेवायची. हे १०० मिमीचं माप मी या पुस्तकात सर्वत्र कमाल म्हणून धरलं आहे. उंचीच्या बाबतीत आपल्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे पायरीच्या मध्यापासून हँडरेलच्या माथ्यापर्यंत १००० मिमी घेतले आहेत. जुन्या घरांत अडीच फुटांचे कठडे सर्रास आढळतात; त्यांची उंची कशी वाढवायची तेही पुढे आहे.

माप ठरलं की हिशेब येतो आणि बहुतेक कठडे इथेच फसतात. मधल्या सपाट लॅंडिंगचं उदाहरण घेऊ. दोन खांबांमध्ये १२०० मिमी मोकळी जागा आहे आणि गज ४० मिमी जाडीचे आहेत. सात गज बसवले तर त्यांची जाडी २८० मिमी होते, उरतात ९२० मिमी. फटी मात्र आठ असतात, कारण फटी नेहमी गजांपेक्षा एकने जास्त. प्रत्येक फट ११५ मिमी येते, म्हणजे जास्त झाली. आठ गज घेतले तर ८८० मिमी उरतात, ते नऊ फटींत वाटायचे. प्रत्येकी सुमारे ९७.८ मिमी. हे बसतं. फटींची मोजणी चुकली तर शेवटच्या खांबाशी एक विचित्र अंतर उरतं आणि ते झाकायला मग एखादी पट्टी ठोकली जाते. अशी पट्टी दिसली की आखणी झाली नव्हती हे सांगायला कुणी लागत नाही.

आखणी करताना एका गजापासून पुढचा गज मोजत जाऊ नये. प्रत्येक वेळी एक मिलिमीटर सरकला तरी आठव्या गजापर्यंत आठ मिलिमीटरांचा, म्हणजे दोन सुतांहून जास्त फरक पडतो. पहिल्या खांबावर टेप धरून सगळ्या खुणा त्याच शून्यापासून करायच्या. आमचे जुने सुतार यासाठी एक सरळ लाकडी पट्टी वापरत. खुणा एकदाच पट्टीवर करून त्याच खाली तळपट्टीवर आणि वर हँडरेलवर उतरवायच्या, म्हणजे खालचं आणि वरचं भोक ओळंब्यात राहतं. या पुस्तकातून एकच सवय घ्यायची झाली तर ही पट्टीची घ्यावी, असं मी म्हणेन.

उतारावर हिशेब बदलतो. पायरीची रुंदी २५० मिमी आणि उंची १७५ मिमी धरली तर चढ सुमारे ३५ अंशांचा होतो. गज उभे असल्यामुळे त्यांच्यामधलं अंतर आडवंच मोजायचं असतं, उताराच्या बाजूने नव्हे. एका पायरीवर ४० मिमीचे दोन गज घेतले तर त्यांचे मध्य १२५ मिमीवर येतात आणि फट ८५ मिमी उरते. हे उत्तम. आता लाकडाऐवजी १२ मिमीचे लोखंडी चौकोनी गज घेतले तर? दोन गजांत फट ११३ मिमी होते. गज बारीक झाला म्हणजे फट रुंदावली. त्यामुळे पायरीला तीन गज घ्यावे लागतात आणि फट सुमारे ७१ मिमीवर येते. पायरी ३०० मिमी रुंद असेल तर ४० मिमीचे दोन गजही पुरत नाहीत, फट ११० मिमी होते. म्हणून ‘पायरीला दोन’ हा सरधोपट हिशेब चालत नाही. पायरीची रुंदी, गजाची जाडी आणि फट या तिन्हींचं कोष्टक पुस्तकाच्या शेवटी दिलं आहे. कामावर जाताना ते खिशात ठेवावं.

उतारावर आणखी एक गोष्ट सुतारकामाचा कस पाहते. एकाच पायरीवर उभे असलेले दोन गज सारख्या लांबीचे नसतात. वरच्या उदाहरणात दुसरा गज पहिल्यापेक्षा ८७.५ मिमीने लांब असतो. मग कातावर उतरवलेली गोलाई कुठे यावी? सगळ्या गजांची गोलाई हँडरेलला समांतर चढत न्यावी, की प्रत्येक पायरीपुरती एका पातळीत ठेवावी? पहिल्या पद्धतीत खालचा चौकोनी भाग कमीजास्त होतो, दुसऱ्या पद्धतीत वरचा. दोन्ही पद्धतींनी केलेले सुंदर जिने मी पाहिले आहेत. न शोभणारा जिना तो, जिथे एकाच लांबीचे तयार गज आणून जिथे जास्त वाटेल तिथे कापले आहेत आणि गोलाई कुठे वर, कुठे खाली गेली आहे. कातारीकडे जाण्याआधी जिन्याचं पूर्ण मापाचं चित्र भिंतीवर किंवा प्लायवर काढा, असं म्हणून मी एक अख्खं प्रकरण त्यावर खर्च केलं आहे.

लाकूड कुठलं घ्यावं याबद्दल लोक फार विचारतात. साग चांगला, कारण त्यात नैसर्गिक तेल असतं, तो वाळवीला सहज बधत नाही आणि आकाराने फारसा हलत नाही. शिसव जड आणि देखणं असतं, कातकामाला गुळगुळीत येतं, पण आज ते महाग आहे आणि मिळणं अवघड झालं आहे. कोकणात फणसाचं लाकूड घरोघर वापरलं गेलं आहे आणि त्याचा पिवळा रंग वर्षांगणिक गडद होत जातो. पण कुठल्याही लाकडापेक्षा महत्त्वाचं आहे ते लाकूड किती वाळलेलं आहे हे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, जाडीत हलतं. श्रावणात फुगतं, चैत्र-वैशाखात आक्रसतं. पावसाळ्यात ओलसर गज घट्ट बसवले तर उन्हाळ्यात ते भोकात खुळखुळतात. उलट भर मेमध्ये जराही सैलपणा न ठेवता ठोकले तर पावसात सांधा फाटतो. म्हणून गज तयार झाल्यावर ते ज्या घरात बसणार आहेत त्याच घरात, मध्ये काड्या घालून, हवा खेळेल असे रचून दोन-तीन आठवडे ठेवावेत. वास्तुशांतीची तारीख त्यानुसार धरावी.

बसवण्याच्या क्रमावर पुस्तकात बराच भर आहे. आधी खांब, ते पक्के आणि ओळंब्यात उभे राहिल्याशिवाय बाकी काहीच करू नये. मग खालची पट्टी, आणि हँडरेल तात्पुरती टेकवून चढाचा कोन तपासायचा. पातं फिरवता येणाऱ्या गुण्याने तो कोन एकदा पकडला, की प्रत्येक गजाचं वरचं टोक त्याच कोनात कापायचं. सगळे गज गोंद न लावता एकदा बसवून बघायचे, खालच्या पायरीवर उभं राहून रांग डोळ्याखालून घालायची, आणि मगच गोंद लावायला घ्यायचा. स्क्रू मारायचा असेल तर आधी बारीक भोक पाडलंच पाहिजे, कारण गजाच्या टोकाशी सागही फुटतो. खालच्या पट्टीखाली पायरीच्या कोनाड्यात जी तिकोनी फट राहते तिच्याकडेही बघायचं. अमेरिकेतल्या नियमांत तिला सहा इंचांच्या चेंडूची वेगळी कसोटी आहे.

काँक्रीटच्या जिन्यावर प्रश्न वेगळा असतो. पायरीवर ग्रॅनाइट किंवा कोटा बसलेला असतो आणि त्याची जाडी जेमतेम १८-२० मिमी असते. खांबाचा बोल्ट या दगडातच संपला तर कठडा फक्त दगडाच्या जोरावर उभा राहतो. भोक दगडातून खाली काँक्रीटमध्ये पुरेसं खोल गेलंच पाहिजे आणि पायरीच्या कडेपासून आत असलं पाहिजे, नाहीतर कड उडते. याचं कारण साध्या तरफेत आहे. माणूस १००० मिमी उंचीवर हँडरेल ढकलतो आणि खाली बोल्टांमध्ये अंतर असतं, समजा, ७० मिमी. म्हणजे वर लावलेला जोर बोल्टवर सुमारे चौदा पटींनी येतो. पन्नास किलोचा धक्का खाली सातशे किलोंची ओढ होऊन पोचतो. अमेरिकेतल्या नियमांत कठड्याच्या माथ्यावर २०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ९० किलोंचा भार कुठल्याही दिशेने सहन झाला पाहिजे असं आहे. लग्नघरात जिन्यावर गर्दी झाली आणि चार जण एकाच वेळी कठड्याला रेलले, की हा आकडा अजिबात मोठा वाटत नाही.

लोखंड आणि स्टीलबद्दलही थोडं सांगायला हवं. १२ मिमी चौकोनी लोखंडी गजाचं वजन मीटरला सुमारे १.१३ किलो भरतं, १६ मिमीचं सुमारे २ किलो. वजनावर भाव ठरत असेल तर हे आकडे पाठ असावेत. स्टीलमध्ये २०२, ३०४ आणि ३१६ हे प्रकार दिसायला सारखे असतात, पण टिकायला सारखे नसतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत ते गंजाला जास्त दाद देत नाही. रत्नागिरी, मालवण, अलिबागकडच्या घरांना ३०४ सुद्धा डाग धरतं; तिथे ३१६ घ्यावं किंवा सरळ लाकडाकडे वळावं.

जुन्या कठड्यांवरचं प्रकरण मला या पुस्तकात सर्वांत जवळचं आहे. चाळी आणि वाडे पाडले जात आहेत आणि त्यांचे सागवानी गज जुन्या लाकडाच्या वखारींत ढिगाने पडून आहेत. शंभर वर्षं वाळलेलं ते लाकूड आता फारसं हलत नाही. तसं नवं लाकूड पैसे टाकूनही सहज मिळत नाही. ते गज आणा, पण दोन गोष्टी सांभाळा. पहिली गोष्ट रंगाची. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असे; घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे आपल्याकडचे नियम २०१६ चे आहेत आणि ते २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. म्हणून जुना रंग कोरड्या कागदाने घासून घरभर धूळ करू नये. ओला करून खरवडावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या जागेपासून लांब ठेवावं, आणि निघालेला कचरा गोळा करून बांधून टाकावा. दुसरी गोष्ट अंतराची. जुन्या कठड्यांत फटी अनेकदा पाच-सहा इंचांच्या असतात. जुने गज जुन्याच अंतरावर लावले तर जुनी चूक नव्या घरात येते. त्याच घाटाचे काही गज नवे कातून घ्यावेत आणि रांग दाट करावी.

पुस्तक दोघांसाठी आहे. घरमालकाने पहिली पाच प्रकरणं वाचावीत, म्हणजे काय मागायचं ते त्याला कळेल. सुतार, फॅब्रिकेटर आणि आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली यांच्यासाठी पुढचा भाग आहे. त्यात चित्रं मोठी ठेवली आहेत, मापं मिलिमीटर आणि इंच दोन्हींत दिली आहेत, आणि पानं हाताला भुसा लागलेला असतानाही उलटता येतील अशी बांधणी करून घेतली आहे. यातली बहुतेक माहिती मला कामावर मिळाली. ज्या मिस्त्रींनी आपली पट्टी माझ्या हातात देऊन खुणा करायला लावल्या, ज्या कातारींनी लाकूड फिरत असताना हत्यार कसं टेकवायचं ते दाखवलं, ज्या वेल्डरनी माझ्या प्रश्नांसाठी काम थांबवलं, त्यांचं ऋण इथे नोंदवतो. त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी आयुष्यभर उत्तम कठडे उभे केले आणि त्यांची नावं कुठल्याच जिन्यावर लिहिलेली नाहीत.

घरमालकांना एक विनंती करून ही प्रस्तावना संपवतो. सुताराला किंवा फॅब्रिकेटरला काम सांगताना रनिंग फुटाच्या भावाबरोबर आखणीच्या दिवसाची मजुरी वेगळी धरा आणि ती आनंदाने द्या. त्या दिवशी जिन्यावर एकही गज चढलेला दिसणार नाही. कारागीर नुसता मोजत, पट्टीवर खुणा करत आणि कागदावर आकडे मांडत बसलेला दिसेल, आणि घरातलं कुणीतरी ‘आज काम काय झालं?’ असं विचारेल. आपल्या घरातली मुलं त्या कठड्यापाशी सुरक्षित राहतील की नाही हे त्याच दिवशी ठरत असतं, असं त्यांना सांगा.